गाडी रिकामी तपासू नये

श्री. जनार्दन काशिनाथ वैती यांना मी प्रथम पाहिले तेव्हा मला त्यांचे फक्त डोके दिसले. चेंबूरहून माहुलकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे गॅरेज आहे. तेथील जमिनीत खणलेल्या खड्ड्यात उतरून ते एका टॅक्सीचा पुढचा भाग खालून तपासत होते. मी काठाशी जाऊन उभा राहिलो आणि माझे नाव सांगू लागलो. वर न पाहताच ते म्हणाले, "नाव मागनं सांगा साहेब. आधी बाजूला व्हा. उजेड अडतोय."

ऐंशी साल उलटून तेव्हा वर्ष-दीड वर्ष झाले असेल. आज मिस्त्रींच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरविकेत लिहिताना मला ते वाक्य पुन्हा आठवले, कारण त्या वेळी मी खरोखरच एका माणसाचा उजेड अडवून उभा होतो. ते कसे, हे सांगितल्याखेरीज मिस्त्रींविषयी मला जे म्हणायचे आहे ते म्हणता येणार नाही. म्हणून हा लेख काही अंशी माझ्या चुकीविषयीचा आहे. वाचकांनी तेवढे सांभाळून घ्यावे.

माझे वडील, ज्यांना आम्ही सर्व जण आप्पा म्हणतो, गोदीतील नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी एक जुनी गाडी घेतली. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली असणारी, पुढे दोघांना आणि मागे तिघांना नेणारी, त्या काळी मुंबईच्या रस्त्यांवर सर्रास दिसणारी छोटी गाडी. घाटकोपरच्या आमच्या इमारतीत ती रोज सकाळी एका पिवळ्या फडक्याने पुसली जाई. दर रविवारी आप्पा आईला घेऊन मुलुंडला माझ्या मावशीकडे जात. आई डावीकडे पुढे बसे. निवृत्तीनंतर माणसाकडे फार थोडी कामे अशी उरतात की जी दुसऱ्या कोणी केली तर चालत नाहीत. आप्पांचे ते काम म्हणजे ही गाडी चालवणे.

आप्पा पंचाहत्तरीला आले, आणि त्याच सुमारास त्यांच्या हातात स्टिअरिंग थरथरू लागले. सुरुवातीस किंचित, पुढे चांगलेच. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. एका औषध कंपनीच्या खरेदी विभागात माझी हयात गेली. मालाचा नमुना तपासल्याशिवाय सही करायची नाही ही तिथली शिस्त, आणि ती मी घरीही आणली होती. मी एक वही केली. कोणत्या रविवारी, कोणत्या रस्त्यावर, किती वेगाला, कोण चालवत असताना थरथर जाणवली, याची नोंद करू लागलो. आप्पा चालवत असता वेग पन्नास, थरथर आहे. मी चालवत असता तोच रस्ता, तोच वेग, थरथर नाही. अशा सात-आठ नोंदी झाल्यावर निष्कर्ष काढण्यास मला अडचण वाटली नाही. गाडी तीच, रस्ता तोच, वेग तोच. बदलत होते ते फक्त हात.

त्यानंतरच्या एका रविवारी विक्रोळीजवळ आप्पांच्या हातातून गाडी क्षणभर डावीकडे झेपावली आणि दुधाच्या बरण्या लावलेल्या एका सायकलस्वाराच्या अगदी शेजारून गेली. कोणाला काही झाले नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर मी गाडीची किल्ली खिशात घातली. दुसऱ्या दिवशी ती कचेरीतल्या खणात ठेवली आणि आप्पांना सांगितले की गाडीत बिघाड आहे, गॅरेजला टाकली आहे, लागणारा भाग बाजारात मिळत नाही.

यातले पहिले वाक्य खोटे आहे असे मी समजत होतो. ते खरे निघाले. बाकीची दोन खोटी होती. गाडी कचेरीच्या आवारात उभी होती. आप्पांनी काही विचारले नाही. ते पिवळे फडके मात्र रोज धुऊन गॅलरीत वाळत घालत. गाडी नसताना फडके कशाने मळते, असे आईने एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "सवय मोडू नये."

दीड महिन्याने मलाच राहवले नाही. गाडी निर्दोष आहे असे कोणी तरी जाणकाराने सांगावे आणि माझ्या निष्कर्षावर शिक्का बसावा, म्हणून मी ती आधी दोन गॅरेजांत दाखवली. दोन्हीकडे ती जॅकवर चढवली, चाके हलवून पाहिली, सगळे ठीक आहे म्हणून सांगितले. तिसरे गॅरेज वैतीमिस्त्रींचे. आमच्या कचेरीच्या एका ड्रायव्हरने मला त्यांच्याकडे पाठवले होते. तो म्हणाला होता, "गाडीचा पुढचा भाग म्हणजे वैती. पन भांडायची तयारी ठेवून जा."

भांडण झाले नाही. त्यांनी खड्ड्यातून वर येऊन हात पुसले, माझी वही घेतली आणि उभ्यानेच पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. इतक्या लक्षपूर्वक माझे कोणतेही टिपण आजवर कोणी वाचलेले नाही. मग ते म्हणाले, "अक्षर लई चांगलं. पन साहेब, यात आप्पा पानोपानी आलेत. गाडी कुठंय?"

मी काही उत्तर देण्याआधीच ते पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. त्यांनी माझा तळवा धरून टायरवर ठेवला आणि गोल फिरवला. टायरच्या कडेला ठराविक अंतरावर उथळ खळगे हाताला लागत होते. डोळ्यांना ते दिसत नव्हते. "हे खळगे एका महिन्यात पडत नाय," ते म्हणाले. "चाक कितीतरी दिवस नाचतंय. आप्पा चालवतात का तुमी चालवता, ते टायरला ठाऊक नसतं."

मी म्हटले की मी चालवताना ते नाचत नाही, वहीत तसे लिहिले आहे.

"लिव्हलंय ना. मग आप्पांना घेऊन या. त्यांच्या बाजूला कोन बसतं?"

"आई."

"त्यांनापन आना. रिकामी गाडी मी तपासत नाय."

ज्यांनी मिस्त्रींकडे गाडी नेली आहे त्यांना हा दंडक ठाऊक आहे. ज्यांनी नेली नसेल त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो, कारण माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामाचे मर्म त्यात आहे. बहुतेक ठिकाणी गाडी जॅकवर उचलून तपासतात. उचलली की चाके लोंबू लागतात, सांध्यांवरचा भार नाहीसा होतो, आणि जो सांधा भार आल्यावरच सरकतो तो अशा वेळी निमूट राहतो. मिस्त्रींचे म्हणणे असे की गाडी ज्यांना घेऊन चालते त्यांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवावे, जो रोज चालवतो त्यानेच स्टिअरिंग धरावे, चाके जमिनीवर असावीत, आणि मग खाली उतरून प्रत्येक सांध्यावर तळवा ठेवावा. त्यामुळे त्यांच्या गॅरेजात नेहमी काही कुटुंबे गाड्यांत बसलेली दिसतात. स्त्रिया विणत असतात, कोणी डबा उघडलेला असतो, एखादे आजोबा पेंगत असतात, आणि खालून आवाज येतो, "मागचे काका, जरा उजवीकडं सरका. रोज तिथं बसता का? मग रोज बसता तिथंच बसा."

हे ते कोठे शिकले, असे मी पुढे विचारले होते. मिस्त्री माहुलच्या कोळीवाड्यातले. वडील मासेमारी करीत. होडीत बसायला लागले तेव्हा वडिलांनी त्यांना सांगितले होते की होडी किनाऱ्यावर सरळ दिसते म्हणून ती सरळ आहे असे धरू नये, माणसे आणि जाळी चढल्यावर ती कुठे कलते ते पाहावे. पुढे होडी सुटली, इंजिने आली, मग मोटारी आल्या. दृष्टी तीच राहिली. आजही चारही चाके एका रेषेत आहेत की नाहीत हे ते मासेमारीच्या तंगुसाने पाहतात. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ती नायलॉनची बारीक दोरी ताणतात, एक डोळा मिटतात आणि टायर व दोरी यांच्यामधली फट नखाने मोजतात. मी एकदा त्यांच्या नकळत ती फट पट्टीने मोजली होती. दोहोंत फरक निघाला नाही. हे मी त्यांना आजवर सांगितलेले नव्हते. आता छापील सांगतो.

आप्पांना आणायचे म्हणजे माझे खोटे उघडे पडणार होते. मी आठवडाभर टाळले. शेवटी घरी एवढेच सांगितले की गाडी एका मिस्त्रींकडे आहे आणि त्यांना तुम्हां दोघांना भेटायचे आहे.

"मला कशाला?" आई म्हणाली. "मी काय स्पेअर पार्ट आहे?"

हे मी मिस्त्रींना सांगितले. आई गॅरेजात आल्यावर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "या आई. तुमच्याबिगर गाडीचं वजन जुळत नव्हतं." आईने माझ्याकडे असे पाहिले की वजनाचा विषय मीच काढला होता अशी तिची खात्री पटलेली दिसली.

आम्ही चौघे माहुल रस्त्याने निघालो. आप्पा चालवत होते, शेजारी आई, मागे मिस्त्री आणि मी. तेल कारखान्यांकडे जाणारे मालगाडीचे रूळ त्या रस्त्याला आडवे जातात. ते ओलांडून पुढे सरळ पट्टा लागला आणि काटा पन्नासच्या जवळ गेला तसे आप्पांच्या हातात स्टिअरिंग थरथरू लागले. त्यांच्या मनगटापर्यंत तो कंप गेला. मी मिस्त्रींच्या गुडघ्याला हात लावून हळूच म्हटले, "पाहिलंत?" त्यांनी आप्पांना गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि मला पुढे बसवले.

मी त्याच रस्त्याने, त्याच वेगाने गाडी नेली. थरथर नाही. मला समाधान वाटले, आणि वाटल्याची लाजही वाटली. आप्पा मागच्या सीटवर खिडकीबाहेर खाडीकडे पाहत होते.

"साहेब," मागून मिस्त्री म्हणाले, "तुमच्या बोटांकडं बघा."

माझी नखे पांढरी पडली होती.

"जरा सैल सोडा."

"सोडली तर गाडी जाईल."

"नाय जात. होडीचं सुकानूपन असं आवळून धरत नाय. आवळलं की पानी काय सांगतं ते हाताला कलत नाय. सोडा, नुसती बोटं ठेवा."

मी पकड सैल केली. दोन-तीन क्षण काही झाले नाही. मग स्टिअरिंग थरथरू लागले. जो कंप मी आठ रविवार आप्पांच्या नावावर लिहिला होता, तोच माझ्या मनगटात चढला. मी घाबरून पुन्हा घट्ट धरले आणि तो थांबला. पुन्हा सैल केले, पुन्हा आला.

मग शेजारून आई तिच्या मालवणीत म्हणाली, "काय रे, आता तुझे हात कित्याक थरथरतत?"

आप्पा इतकी वर्षे गाडी जशी चालवावी तशीच चालवत होते, हलक्या हाताने. म्हणून गाडीचे दुखणे त्यांच्या हातात येत होते. मी भितऱ्यासारखा आवळून धरत असे, म्हणून ते दबून राही. माझी प्रत्येक नोंद अचूक होती. निष्कर्ष तेवढा साफ चुकीचा होता. कागदपत्रांत आयुष्य घालवलेल्या माणसाला याहून मोठा धडा मिळणे अवघड आहे.

परत आल्यावर दुखणे सापडायला अर्धा तासही लागला नाही. आई-आप्पांना आपापल्या जागी बसवून मिस्त्री खड्ड्यात उतरले. आप्पांनी स्टिअरिंग बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे हलवायचे आणि खाली मिस्त्रींनी एकेका सांध्यावर तळवा ठेवायचा, असे चालले होते. मग त्यांनी मला खाली बोलावले. स्टिअरिंगची हालचाल डाव्या चाकाकडे पोचवणारा एक लहान हात असतो, त्याला आयडलर म्हणतात. त्यातले बुश, म्हणजे सांधा घट्ट धरणारी कडी, झिजले होते. आप्पांनी स्टिअरिंग हलवले की चाक वळण्याआधी तो हात जाग्यावरच वरखाली होई. "तळवा ठेवा," मिस्त्री म्हणाले. मी ठेवला. माझ्या तळव्याखाली तो सांधा दात हलावा तसा हलत होता. मग त्यांनी आई-आप्पांना उतरवून गाडी जॅकवर चढवली आणि मला पुन्हा तळवा ठेवायला सांगितला. सांधा गप्प. दोन गॅरेजांनी हेच पाहिले होते.

बुश बदलले, टायर बदलले, तंगूस ताणून चाके जुळवली. गाडी तयार झाली तेव्हा मिस्त्रींनी झिजलेले बुश फडक्यात गुंडाळून आप्पांच्या हातात दिले. काढलेला प्रत्येक भाग ते मालकाला परत देतात, हा त्यांचा आणखी एक नेम. पण त्या दिवशी ते बुश त्यांनी किल्ली आणणाऱ्या मला न देता आप्पांना दिले. ते देताना म्हणाले, "आप्पा, हे थरथरत होतं." मी खोटे बोललो होतो हे त्यांना तोपर्यंत कळले होते. गाडी चालत असूनही दीड महिना उभी का, हे ओळखायला त्यांच्यासारख्या माणसाला कितीसा वेळ लागणार? पण आप्पांसमोर किंवा आईसमोर त्यांनी तो शब्द काढला नाही. ते खोटे मी त्या रात्री जेवताना स्वतःच सांगितले.

मिस्त्रींमध्ये दोष नाहीत असे लिहिले तर तेच प्रथम हसतील. ते वेळ पाळत नाहीत. "उद्या" म्हणाले म्हणजे परवा, आणि "परवा" म्हणाले म्हणजे आपण फोन करावा. अर्धवट ऐकीव माहितीवर त्यांना सल्ला देणाऱ्याला ते सर्वांदेखत तासतात. एका सुशिक्षित गृहस्थांनी शॉकअप बदला म्हणून हट्ट धरला तेव्हा मिस्त्रींनी जुनेच शॉकअप पुसून दुसऱ्या दिवशी दाखवले. गृहस्थ खूश होऊन निघाले. तेव्हा मिस्त्रींनी फाटकापाशी त्यांना थांबवून खरे काय ते सांगितले आणि म्हणाले, "आता बोला, काय बदललं? तुमचं मनच ना?" ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. माझ्या मते ही मस्करी अनावश्यक होती आणि मी त्यांना तसे सांगितलेही होते.

पण याच माणसाच्या तोंडी मी "मना नाय कलत", म्हणजे मला कळत नाही, हे शब्दही ऐकले आहेत, आणि ते उच्चारताना त्यांना कमीपणा वाटलेला नाही. कुर्ल्याच्या एका टॅक्सीवाल्याच्या गाडीत कधी तरी, कुठे तरी, मागच्या बाजूला एक ठोका येई. तपासायला आणली की येत नसे. चारदा हेलपाटे झाल्यावर टॅक्सीवाला वैतागून म्हणाला, "अरे मिस्त्री, तू बैठ ना यार पीछे, फिर पता चलेगा!" तो चिडून बोलला होता. मिस्त्रींनी ते सरळ घेतले. गॅरेज शिष्यांवर सोपवून ते एक अख्खा दिवस त्या टॅक्सीच्या मागच्या सीटवर उतारूंच्या शेजारी बसून हिंडले. एका जाडजूड बाईंनी मुलुंडच्या चढावर जागा बदलली तेव्हा ठोका आला. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना धरणारी कडी त्या बाजूने सैल झालेली होती. त्या बाईंचे नाव माहीत असते तर त्यांनाच बोलावून घेतले असते, असे मिस्त्री अजून म्हणतात.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्या प्रसंगाकडे येतो.

पहिल्या भेटीनंतर चार वर्षे गेली. आप्पा ऐंशीच्या उंबरठ्यावर आले होते. रविवारचे मुलुंड चालू होते. गाडी दर सहा महिन्यांनी आई-आप्पांसह मिस्त्रींकडे जात असे. मग एकदा इमारतीच्या फाटकाच्या खांबाला डावा दरवाजा घासला. महिन्याभराने स्टेशनजवळ केळ्यांची एक हातगाडी कलंडली. केळेवाल्याला लागले नाही. आप्पांनी स्वतः खाली बसून त्याची केळी गोळा केली. संध्याकाळी ते मला म्हणाले, "आयडलर परत गेला वाटतं. गाडी डावीकडे ओढते."

या खेपेस मी गाडी स्वतः चालवून पाहिली होती, सैल हाताने. ती ओढत नव्हती.

आम्ही मिस्त्रींकडे जायचे ठरवले. त्याच्या आदल्या दिवशी मी एकटाच त्यांच्याकडे गेलो. म्हटले, "मिस्त्री, एक उपकार करा. त्यांना सांगा काही तरी मोठं बिघडलं आहे, तो भाग आता मिळत नाही. गाडी उभी राहील. त्यांचा मान राहील."

ते तंगूस गुंडाळत होते. गुंडाळून झाल्यावर म्हणाले, "साहेब, तवा गाडीचं दुखनं तुमी आप्पांच्या नावावर टाकलंत. आता आप्पांचं दुखनं गाडीच्या नावावर टाकायला सांगता. मी नाय टाकनार."

"मग काय सांगणार?"

"आधी बघू तरी द्या. तुमी निकाल लावून येता नेहमी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी पाहिली ती एखादी अनोळखी गाडी पाहावी तशी, पहिल्यापासून. टायरवरून हात फिरवला. आई-आप्पांना बसवले. खड्ड्यात उतरून एकेका सांध्यावर तळवा ठेवला. तंगूस ताणला. रुळांपलीकडच्या सरळ पट्ट्यावर आप्पांना गाडी चालवू दिली आणि स्वतः शेजारी बसले. या सगळ्याला दुपार टळली. मला वाटते, काही सापडावे अशी त्यांची माझ्याइतकीच इच्छा होती. डाव्या बाजूचा आयडलर त्यांनी तीनदा पाहिला.

मग त्यांनी आप्पांना बाकावर बसवले आणि शेजारी बसले. मी गाडीपाशी उभा होतो.

"आप्पा," ते म्हणाले, "गाडीत काय नाय."

रस्त्यावरून एक टँकर गेला, त्याची धूळ खाली बसली.

"नीट बघलंस मां?" आप्पांनी विचारले.

"तुमच्यासमोर बघलं. पटत नसंल तर चला, खड्ड्यात उतरू दोघं."

"नको." आप्पांनी स्वतःचे दोन्ही हात गुडघ्यांवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिले. "हात नाहीत रे थरथरत."

"हात झकास आहेत. माझ्यापेक्षा हलके. डाव्या अंगाचं दिसत नाय तुमाला. मघाशी रुळांच्या बाजूला तो बाया-मानसांचा घोळका होता, तुमी बघितलात?"

"कुठला घोळका?"

आता उत्तराची गरज उरली नव्हती.

मग आप्पा म्हणाले, "तू म्हणतोस म्हणजे गाडीत नाहीच." आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढून मिस्त्रींच्या पुढे धरली.

गाडीत काही नाही, हे वाक्य मी म्हटले असते तर काय झाले असते, ते मला ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या वहीने तेच म्हटले होते, आणि ते चुकीचे होते. मिस्त्रींनी चार वर्षांपूर्वी आप्पांचे हात निर्दोष ठरवले होते, म्हणून आता त्यांच्या डोळ्यांविषयीचा शब्द आप्पांनी ऐकला. एकदा आपल्या बाजूने खरे बोललेल्या माणसाचेच विरुद्ध बाजूचे खरे पचते.

मिस्त्रींनी किल्ली घेतली नाही. "ही साहेबांना द्या," ते म्हणाले. "पन बाजूला तुमी बसा. साहेबांची पकड अजून आवळ आहे. त्यांना कोन शिकवनार?"

आप्पांनी किल्ली मला दिली. आई बाकावरून उठत म्हणाली, "म्हणजे मी मागे?" आणि कोणी काही म्हणायच्या आत मागचा दरवाजा उघडून बसली.

आम्ही निघणार एवढ्यात मिस्त्रींनी हात करून गाडी थांबवली. मला वाटले, काही विसरले. ते म्हणाले, "आता नका जाऊ. बसनारे बदलले. गाडी परत जुळवायला लागनार." आणि त्या दिवशी उरलेली दुपार त्यांनी नव्या मांडणीने घालवली: मी स्टिअरिंगवर, आप्पा शेजारी, आई मागे डावीकडे. तंगूस पुन्हा ताणला गेला. मी स्टिअरिंग बोटभर हलवत होतो आणि आप्पा शेजारून सांगत होते, "अर्धं बोट. अर्धं बोट म्हटलं मी." खालून मिस्त्रींचा आवाज आला, "आप्पा बरोबर सांगतात."

नेत्रतज्ज्ञांनी पुढे आप्पांच्या डाव्या डोळ्याविषयी तेच सांगितले. पण आमच्या घरात तो निकाल आधीच मान्य झालेला होता, आणि कोणाची मान खाली गेलेली नव्हती.

श्री. वैती यांच्या हातांखालून आजवर किती गाड्या गेल्या याची मोजदाद मी केलेली नाही. असल्या मोजदादीवरचा माझा विश्वासच त्यांनी कमी केला. त्यांच्या शिष्यांना, टॅक्सीवाल्यांना, आणि गाडीत ताटकळत बसलेल्या अनेक कुटुंबांना त्यांनी जे दिले ते मी माझ्या परीने एका वाक्यात मांडतो: दोष शोधताना जो समोर दिसतो त्याच्यावर तो टाकू नये, आणि सापडल्यावर ज्याचा आहे त्याच्यापासून लपवू नये. हे गाडीपुरते खरे आहे असे मी समजत होतो.

साठीच्या या टप्प्यावर मिस्त्रींच्या गुडघ्यांनी खड्ड्यात उतरताना कुरकुर सुरू केली आहे असे ऐकतो. त्यांनी स्वतःलाही रिकामे न तपासता, शिष्यांचा, घरच्यांचा आणि आम्हां सर्वांचा भार अंगावर घेऊनच एकदा वैद्यांकडे जावे, आणि ते जे सांगतील ते आप्पांनी ऐकले तसे ऐकावे, ही माझी विनंती. त्यांचे डोळे, तळवे आणि तिखट जीभ दीर्घकाळ शाबूत राहोत, माहुल रस्त्यावरचा तो खड्डा कधी रिकामा न राहो.

हा लेख मी आप्पांना वाचून दाखवला. त्यांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. केळ्यांची हातगाडी कलंडली नव्हती, नुसती हलली होती, असे त्यांचे म्हणणे आहे. मी ते येथे नोंदवतो, माझा मजकूर बदलत नाही. दुसरी दुरुस्ती अशी की मिस्त्रींच्या सत्कारासाठी रविवारी चेंबूरला जायचे आहे ते आपल्या गाडीने, नेहमीच्या जागी बसून, आणि मी शेवटी तेवढे लिहायला हवे होते. ते लिहिले. मी पेनाचे टोपण लावत होतो तेव्हा ते माझ्या हाताकडे पाहत म्हणाले, "पेनसुद्धा किती आवळून धरतोस रे. सैल."